रेस म्हणजे नुसती मूठ पिळणे नव्हे

गाडीचा आवाज ऐकूनच आपल्याकडचा गॅरेजवाला सांगतो, "भो, रेस जास्त झालीय, सेट करून देतो." रेस म्हणजे त्याच्या लेखी अ‍ॅक्सिलरेटर. लोकांच्या मनातही तेच बसलं आहे: जो मूठ जास्त पिळेल तो रेसर. जळगावची अजिंठा चौफुली असो की धुळ्याची पारोळा चौफुली, फटाके फोडत गाडी दामटणाऱ्या पोराला आपण सहज 'रेसर' म्हणून मोकळे होतो. हा बाइक रेसिंगच्या खेळावर अन्याय आहे.

सगळ्यात वेगवान तोच जिंकतो, हा पहिला गैरसमज. 'ट्रायल' प्रकारात दगडधोंडे आणि ओढ्यातून गाडी अगदी हळू न्यायची असते. पाय जमिनीला टेकला की दंडाचे गुण. कमी दंड ज्याचा, तो विजयी. डकारसारख्या रॅलीत तर वाट शोधणं हीच निम्मी लढाई. मोबाईलचा नकाशा चालत नाही, रोडबुकमधल्या खुणा आणि अंतरं वाचत वाळवंट कापायचं. केरळच्या हरिथ नोआने २०२४ मध्ये तिथे 'रॅली २' गट जिंकला.

मातीतल्या रेसबद्दलही घोळ आहे. मोटोक्रॉस मोकळ्या रानातल्या चढउतारांवर होते, तर सुपरक्रॉससाठी स्टेडियममध्ये माती ओतून उंचवटे रचतात. २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, ती अशाच ट्रॅकवर. पुण्याचा ऋग्वेद बारगुजे याच प्रकारातला राष्ट्रीय विजेता. गेट पडलं की सगळे एकदम पहिल्या वळणाकडे झेपावतात. उडी घेतल्यावर खरं कसब दिसतं. हवेत गाडीचं तोंड फार वर गेलं तर स्वार मागचा ब्रेक दाबतो, तोंड खाली येतं. खाली झुकलं तर रेस देतो, तोंड उचलतं. म्हणजे मूठ इथे तोल सांभाळायला लागते, आणि हे सगळं क्षणभरात. या गाडीला ना हेडलाइट, ना इंडिकेटर. ती रस्त्यासाठी नसतेच, टेम्पोत घालून आणावी लागते.

जास्त सीसीची गाडी घेतली की जिंकलो, हेही खरं नाही. बहुतेक स्पर्धांत सीसीनुसार गट पाडलेले असतात. मोटोजीपी या ट्रॅकवरच्या स्पर्धेची गाडी तर शोरूममध्ये मिळतच नाही, ती केवळ रेससाठी घडवतात. बाजारातल्या मॉडेलवरून तयार केलेल्या गाड्या पळतात त्या सुपरबाइक स्पर्धेत.

आणि रेसर जिवावर उदार असतो, हा तर सगळ्यात घातक समज. मोटोजीपीत २०१८ पासून स्वाराच्या सूटमध्ये एअरबॅग सक्तीची आहे. ट्रॅकवर वळणाबाहेर मोकळी जागा आणि खडी असते, समोरून कुणी येत नाही, डॉक्टर तयार असतात. आपल्या बायपासवर मात्र समोरून येतो तो केळीचा ट्रक.

परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा कैद. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला वा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन मिळत नाही. ज्याला खरंच रेसर व्हायचंय, त्याने बायपास सोडावा आणि एफएमएससीआय या राष्ट्रीय महासंघाचं स्पर्धेचं लायसन काढून ट्रॅकवर उतरावं.