कुठले भागवत?

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर मी पहिल्यांदा गेले ती १९९६ साली. तिथल्या रेकॉर्डवाल्या चाचांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि काही विचारायच्या आतच लताबाईंच्या रेकॉर्ड्सचा गठ्ठा पुढे सरकवला. मी मान हलवल्यावर भजनं काढली. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! कॉटनची साडी, खांद्याला भाजीची असावी तशी पिशवी, अशी बाई तिथे दुसरं काय मागणार?

"चाचा, सितार चाहिए," मी म्हटलं.

त्यांनी लगेच रविशंकर काढले. विलायत खाँ काढले.

"ये नहीं. अंग्रेजी गाना, जिस में सितार बजता है, वो."

चाचा माझ्याकडे बघतच राहिले. मग आतल्या पोऱ्याला हाक मारून म्हणाले, "वो कोनेवाला कचरा ला." त्या कचऱ्यातून मी त्या दिवशी तीन रेकॉर्ड्स घेऊन आले. आज माझ्याकडे दोनशेच्या वर आहेत. पाहुणे कपाट बघतात आणि हळूच विचारतात, "एवढ्या... आणि सगळ्या याच प्रकारच्या?" हो, सगळ्या याच प्रकारच्या!

हा 'प्रकार' म्हणजे काय, ते सांगायलाच हवं. १९६५ ते साधारण १९७० या पाच-सहा वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतल्या पॉप संगीताला सतारीचं अक्षरशः वेड लागलं होतं. सुरुवात झाली ती बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वुड'पासून. 'रबर सोल' नावाच्या त्यांच्या एल.पी.वरचं हे गाणं, डिसेंबर १९६५ मधलं. त्याआधी 'हेल्प' सिनेमाच्या शूटिंगमध्ये हॉटेलातल्या एका प्रसंगात भारतीय वादक होते. तिथे जॉर्ज हॅरिसननं सतार हातात घेऊन पाहिली आणि मग लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या 'इंडियाक्राफ्ट' दुकानातून एक साधीशी सतार विकत आणली. पुढच्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या ब्रायन जोन्सनं 'पेंट इट ब्लॅक'मध्ये सतार वाजवली. मग काय, ज्याला त्याला सतार हवी! ट्रॅफिक, डोनोव्हन... यादी मोठी आहे. नवशिक्यांची सोय म्हणून १९६७ मध्ये अमेरिकेत इलेक्ट्रिक सतारही निघाली. ती खरं तर गिटारच, फक्त घोडी अशी बसवलेली की तारा झणझणाव्यात. 'लॉर्ड सितार' या नावानं एक एल.पी. आली, तेव्हा हा लॉर्ड म्हणजे हॅरिसनच अशी अफवा उठली. प्रत्यक्षात तो निघाला बिग जिम सलिव्हन नावाचा स्टुडिओत गिटार वाजवणारा कलाकार.

आता यातली कबुलीची गोष्ट. आमच्या घरात सतार होती. खरीखुरी, मिरजेची. आईनं लग्नाआधी पाच-सहा वर्षं रीतसर शिक्षण घेतलं होतं, आणि लग्नानंतर दुपारी दोन ते चार ती पेठेतल्या मुलींना शिकवायची. (आमच्याकडे 'सितार' कुणी म्हणत नसे, सतारच.) दहाव्या वर्षी तिनं मलाही बसवलं. तार दाबून दाबून डाव्या हाताची बोटं सोलवटली, उजव्या बोटात नखी रुतायची. दोन महिन्यांत मी जाहीर केलं, की मला हे जमणार नाही आणि मला हे आवडतही नाही. आईनं आग्रह केला नाही. तिनं तो करायला हवा होता, असं मला पुढे कित्येक वर्षं वाटत राहिलं.

पंधरा-सोळा वर्षांची असताना शेजारच्या दादाकडे मी 'नॉर्वेजियन वुड' ऐकलं. गिटारबरोबर काहीतरी ओळखीचं किणकिणलं आणि मी ताडकन उठले. अरे, ही तर सतार! धावत घरी आले. आई तांदूळ निवडत होती. एका दमात तिला सगळं सांगितलं. तिनं मान वर न करता विचारलं, "हो का? मग घरातली का नको?"

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही.

रेकॉर्ड्स जमवायला लागले ती मात्र नव्वदीत. आधी कॅसेट, मग सीडी आल्या आणि लोकांनी घरातल्या रेकॉर्ड्स रद्दीबरोबर काढल्या. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी त्यांचे ढीग लागायचे. दहा रुपयांना एक, वीस रुपयांना चांगली. बहुतेक सगळा माल कोलकात्याच्या दमदमला, ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात छापलेला. बाकीचं जग बीटल्स ४५ आणि ३३च्या वेगावर ऐकत होतं, तेव्हा आपल्याकडे त्यांची काही गाणी चक्क ७८च्या जुन्या तबकड्यांवर निघत होती! चावीच्या ग्रामोफोनवर बीटल्स! परदेशी संग्राहक त्या तबकड्यांसाठी जीव टाकतात. मला एकही मिळालेली नाही, आणि आताच्या किमतीत मिळणारही नाही.

छंद बाईचा असला की तो स्वयंपाकघरातूनच जातो. रेकॉर्ड धुवायची म्हणजे कोमट पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ मलमल, आणि मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही. वाळत कुठे घालणार? ताटाळ्यात! माझ्या ताटाळ्यात आठ एल.पी. सुरेख उभ्या राहतात. पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, उन्हाळ्यात आडव्या ठेवलेल्या रेकॉर्ड्स पापडासारख्या वाकतात. नवऱ्यानं सुरुवातीला कटकट केली, मग स्वतःच सुताराला बोलावून उभ्या कप्प्यांचं कपाट करून घेतलं. आता पाहुण्यांना तोच कौतुकानं दाखवतो.

वडील गेल्यानंतर, २००१ मध्ये आई आमच्याकडे राहायला आली. तिची सतारही आली, पण गवसणीतच. बोटं आखडली होती, मांडी घालून बसवत नव्हतं. दुपारी मी रेकॉर्ड लावायची आणि ती दिवाणावर पडून ऐकायची. मी थोडी घाबरलेच होते. पहिल्यांदा 'नॉर्वेजियन वुड' लावलं.

"नवीन शिकतोय गं हा," आई म्हणाली. "सुरात आहे. पण मिंड कुठाय? पडद्यावरून नुसता चालतोय."

अगदी खरं होतं ते! हॅरिसननं तेव्हा सतार हातात घेऊन जेमतेम काही महिने झाले होते. खुद्द रविशंकरांनाही ते वादन फारसं रुचलं नव्हतं. 'पेंट इट ब्लॅक' ऐकून आईनं निकाल दिला, "याला सतार नको, ढोल हवा होता." इलेक्ट्रिक सतारीचं एक अमेरिकन गाणं लावलं, तर हातानंच 'बंद कर' अशी खूण. "ही जवारी नव्हे. पत्रा वाजतोय."

एकदा मी 'रिव्हॉल्वर' लावली. ऑगस्ट १९६६ची ही एल.पी. तिच्यात 'लव्ह यू टू' नावाचं हॅरिसनचं गाणं आहे. आधी तरफांवरून एक झंकार, मग ताल नसलेले चार सूर, मग तबला येतो आणि शेवटी लय चढत जाते. आई उठून बसली.

"आलाप केला की पोरानं! आणि तबला कोण आहे?"

मी कव्हर उलटं केलं. तिथे नाव छापलेलं होतं. अनिल भागवत.

"भागवत?" आईनं चष्मा मागितला. "कुठले भागवत?"

मला इतकं हसू आलं! बीटल्सच्या रेकॉर्डवर भागवत, आणि आईला त्यांचं गाव हवंय! पण ती हसत नव्हती. तिनं ते नाव बोट ठेवून वाचलं, दोनदा. मग म्हणाली, "नाव घातलंय हो त्यांनी. चांगलं केलं."

त्या भागवतांची हकिकत मी नंतर वाचली. एप्रिल १९६६ मधली गोष्ट. लंडनमध्ये अंगडी नावाच्या गृहस्थांचा त्यांना फोन आला, की आज संध्याकाळी जॉर्जबरोबर वाजवायला मोकळे आहात का? कोण जॉर्ज, हे काही सांगितलं नाही. दाराशी रोल्स रॉइस येऊन उभी राहिली तेव्हा त्यांना उलगडा झाला. हे आयना अंगडी आणि त्यांची इंग्रज पत्नी पॅट्रिशिया लंडनमध्ये 'एशियन म्युझिक सर्कल' चालवत. भारतीय वादक हवा असला की याच घरी विचारायचं. हॅरिसन आणि रविशंकर यांची भेटही जून १९६६ मध्ये यांच्याच घरी झाली. सगळीकडे नाव येतं ते अंगडींचं. मला मात्र पॅट्रिशियाबाईंचं कुतूहल. पेशानं चित्रकार, घर सांभाळून येणाऱ्या-जाणाऱ्या कलाकारांची सरबराई करणारी ही बाई. तिनं पहिली कादंबरी प्रसिद्ध केली ती १९८५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर!

तेव्हापासून आईचा नियमच झाला. रेकॉर्ड लावायच्या आधी कव्हर तिच्या हातात द्यायचं. नावं बघायची. नाव नसेल तर "बिननावाची दिसतेय" म्हणून परत. आणि खरोखरच किती रेकॉर्ड्स बिननावाच्या निघाल्या! कव्हरवर कपाळाला टिकली लावलेली, साडीसारखं काहीतरी गुंडाळलेली गोरी मुलगी असते, हातात भलत्याच बाजूनं धरलेली सतार असते. पण आत ती वाजवली कोणी, ते कुठेच नसतं. पूर्वी मी अशी कव्हरं मजेनं जमवायची. आईनं मला ती बघायची दुसरी रीत लावली.

त्यातली सर्वांत मोठी 'बिननावाची' म्हणजे 'सार्जंट पेपर'. १९६७ची, जगभर गाजलेली. तिच्या दुसऱ्या बाजूचं पहिलंच गाणं 'विदिन यू विदाउट यू'. पाच मिनिटांचं. बीटल्सपैकी त्यात एकटा हॅरिसन आहे, बाकी दिलरुबा, तंबोरा, तबला आणि पाश्चात्त्य व्हायोलिन-चेलो. आईनं ते डोळे मिटून ऐकलं. "दिलरुबा किती गोड आहे गं. कोण?"

कव्हरवर माणसांची ही गर्दी! लेखक, नट, योगी, डझनावारी चेहरे. समोर फुलांपाशी चक्क आपली लक्ष्मीची छोटी मूर्ती. मागच्या बाजूला सगळ्या गाण्यांचे शब्द छापलेले. पण या वादकांची नावं? नाहीत. आईनं कव्हर पुढून पाहिलं, मागून पाहिलं, उघडून आत पाहिलं.

"लक्ष्मीला आणून बसवलीन, आणि वाजवणाऱ्यांना विसरला?"

मी हॅरिसनची बाजू घेतली. म्हटलं, सप्टेंबर १९६६ मध्ये हा मुलगा मुंबईला येऊन रविशंकरांकडे शिकला, ताजमध्ये राहून रियाज केला. आणि पुढच्या वेळी त्यानं चूक सुधारलीही. जानेवारी १९६८ मध्ये मुंबईला एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत त्यानं 'वंडरवॉल' सिनेमासाठी संगीत ध्वनिमुद्रित केलं, त्या एल.पी.वर सगळ्यांची नावं आहेत. पुरावा म्हणून लंडनच्या मावसबहिणीकडून ती मागवली आणि आईला वाचून दाखवली. सरोद आशिष खाँ, संतूर शिवकुमार शर्मा, सतार शंभू दास, बासरी एस. आर. केंकरे...

"केंकरे," आई म्हणाली. "हं." जरा वेळानं पुन्हा, "पण त्या दिलरुबावाल्याचं काय?"

तो दिलरुबावाला तिच्या मनातून गेलाच नाही. मला वाटतं, ते कारण वेगळं होतं. दुपारी दोन ते चार, सुमारे वीस वर्षं, तिनं कितीतरी मुलींना शिकवलं. त्यातल्या एक-दोघी पुढे जाहीर कार्यक्रम करू लागल्या. एकीच्या कार्यक्रमाची पत्रिका घरी आली होती. तिच्यात पुढच्या नामवंत गुरूंचं नाव होतं, आईचं नव्हतं. आईनं ती पत्रिका घडी घालून पंचांगात ठेवली. बोलली काहीच नाही. मीही तेव्हा काही बोलले नाही, कारण मला ते लक्षातच आलं नव्हतं.

आई २०११ मध्ये गेली. त्यानंतर सतार घेऊन मी मिरजेला गेले. भोपळा शाबूत होता, जवारी मात्र पार गेलेली. सतारमेकर गल्लीतल्या कारागिरानं घोडी घासून, तारा बदलून दिल्या. वाजवून पाहत त्यानं सहज विचारलं, "घरी कोण वाजवतं?" मी म्हटलं, "आई." आता ती सतार दिवाणाशेजारी गवसणीशिवाय उभी असते. मी कधीतरी तरफांवरून नुसतं बोट फिरवते. मोठ्यानं वाजणारी रेकॉर्ड लावली, की तिच्या तारा आपोआप बारीक गुणगुणतात.

२०१७ मध्ये 'सार्जंट पेपर'ला पन्नास वर्षं झाली, आणि त्या निमित्तानं त्या गाण्यातल्या वादकांची नावं अखेर जगासमोर आली. तंबोरा बुद्धदेव कंसारा. तबला नटवर सोनी. दिलरुब्यावर दोघं होते, अमृत गज्जर आणि अण्णा जोशी.

बातमी वाचली आणि आधी स्वयंपाकघरातला गॅस बंद केला. चौघांची नावं आईच्या पेन्सिलीनं एका चिठ्ठीवर लिहिली आणि चिठ्ठी कव्हरच्या आत सरकवली. मग रेकॉर्ड लावली, दुसरी बाजू.

अण्णा जोशी. कुठले जोशी, हे विचारणारं घरात आता कुणी नाही.