विमापत्रातील अपवाद

विमा म्हणजे अनेकांनी थोडे थोडे देऊन उभारलेला निधी होय. ज्याच्यावर संकट कोसळते, त्याला या निधीतून भरपाई मिळते. परंतु प्रत्येक नुकसानीची हमी विमा कंपनी देत नाही. कोणत्या परिस्थितीत भरपाई मिळणार नाही, हे विमापत्रात नमूद केलेले असते. अशा तरतुदींना 'अपवाद' म्हणतात.

अपवादांमागे कारण असते. दुखणे जडल्यावरच विमा उतरवायचा, असे सर्वांनी ठरवले तर निधी टिकणार नाही. म्हणून आरोग्य विम्यात पहिले ३० दिवस, अपघात वगळता, सहसा दावा करता येत नाही. आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षा कालावधी असतो. २०२४ पासून त्याची कमाल मर्यादा ३६ महिने आहे. मद्यपान करून वाहन चालवल्यास स्वतःच्या वाहनाची नुकसानभरपाई नाकारली जाते. कारण एकाच्या बेपर्वाईचा भार इतरांनी का सोसावा?

मात्र अपवाद कंपनीलाही बांधून ठेवतात. करारात नसलेली अट ऐनवेळी पुढे करता येत नाही. अटीचे शब्द संदिग्ध असल्यास न्यायालये सामान्यतः विमेदाराला अनुकूल अर्थ ग्राह्य धरतात, कारण ते शब्द कंपनीने योजलेले असतात. दावा फेटाळला गेल्यास कारण लेखी मागावे. कंपनीकडे तक्रार करूनही समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते.

आयुर्विमा व आरोग्य विम्याचे वर्षभराचे किंवा अधिक मुदतीचे नवे विमापत्र ३० दिवसांत परत करता येते. अपवाद वाचण्याची खरी वेळ हीच. रुग्णालयाच्या दारात ती टळून गेलेली असते.