तुमचं गाव कोणतं?

मंडळी, तुळजापुरात ‘जोगवा’ म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आईच्या नावाने परडी घेऊन पाच घरी मागायचं, हे इथे व्रत आहे. खाऊनपिऊन सुखी घरातली बाईही जोगवा मागते, तिला कुणी भिकारी म्हणत नाही. गोंधळी, पोतराज यांचं तर पोट या मागण्यावरच चालत आलं. हेच मागणं कायद्याला कसं दिसतं, हे आज आपण पाहू. त्यासाठी आधी थोडं इंग्लंडला जाऊन यावं लागेल.

इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्याने गरिबांना पोसण्याची जबाबदारी ‘पॅरिश’वर टाकली. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव. गावकऱ्यांकडून कर घ्यायचा आणि त्यातून म्हातारे, आजारी, अनाथ सांभाळायचे. हेतू चांगला होता. पण लगेच प्रश्न उभा राहिला : गरीब नक्की कुणाचे? दुसऱ्या गावच्यांना आम्ही का पोसावं?

म्हणून १६६२ साली नवा कायदा आला. वर्षाला १० पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या जागेत कुणी नवा माणूस राहायला आला आणि ४० दिवसांत तक्रार झाली, तर त्याला त्याच्या ‘हक्काच्या’ गावी परत धाडता येई. हक्क ठरायचा कसा? पोरांना बापाचं गाव, बाईला नवऱ्याचं. म्हणजे नवरा वारला की बाईची पोरांसकट अशा गावी रवानगी होऊ शके, जे तिने कधी पाहिलंही नसेल. लग्नाविना झालेलं मूल जिथे जन्मेल त्या गावाचं धरत, म्हणून गरोदर गरीब बाईला वेशीबाहेर काढण्याची घाई चाले. ‘पुढे मदत मागेल’ एवढ्या संशयावरून हाकलणं १७९५ साली बंद झालं.

आता आपल्याकडे या. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. भटक्या जमातींवर जन्मानेच शिक्का बसला. आपल्या शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, तिथे हजेरी द्यावी लागे. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पण १९५९ मध्ये मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आला. त्यात भिकेची व्याख्या बघा : सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून, कसरत दाखवून मागणं, हेसुद्धा भीकच. शिक्षा म्हणजे पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं डांबणं, पुन्हापुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. त्या माणसावर पूर्ण अवलंबून असलेल्यांनाही तेवढाच काळ डांबण्याचा अधिकार कोर्टाला दिला. दिल्लीतही हाच कायदा लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याची मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली.

दोन्हींतला फरक लक्षात घ्या. इंग्लंडचा कायदा निष्ठुर होता, पण हाकललेल्या कुटुंबाला घेणारं एक गाव त्याने बांधून ठेवलं होतं. त्या गावाला ‘नाही’ म्हणता येत नसे. आपण डांबणं घेतलं, बांधिलकी मात्र घेतली नाही.

आणि जुना प्रश्न अजून सुटलेला नाही. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आता सांगा, ज्याचा आजा पाल ठोकून आठवड्याला एक गाव बदलत होता, त्याने तो कुठून आणायचा? ना सातबारा, ना शाळेचा दाखला. भटकत होता म्हणून जी सवलत ठेवली, ती मिळायला तो एका जागी राहिला होता हे सिद्ध करायचं!

गरिबाला आधी ‘तुझं गाव कोणतं’ विचारायचं की ‘तुला काय हवंय’, यावर कायदा कुणाच्या बाजूचा ते ठरतं. ‘गाव कोणतं’ हा आपल्याकडे ओळख काढायचा साधा प्रश्न आहे. सरकारी टेबलावर त्याची भिंत होते. ती पाडायची तर आज माणूस जिथे उभा आहे, तेच त्याचं गाव मानावं लागेल.