शहरातली हवा कशी बदलते आहे

आपल्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी ना कोणी मुंबईला आहे. माझे वडील आणि थोरले चुलते तिथेच कामाला आहेत. मे महिन्यात वडिलांचा फोन आला की आई आधी विचारते, "झोप लागती का?" वडील म्हणतात, "कुठली झोप! रात्री दोन वाजेपर्यंत पत्रा गरमच असतोय." समुद्र एवढा जवळ असून मुंबईत इतके का उकडते, हे मी गुरुजींना विचारले. त्यांनी जे सांगितले व पुस्तकात दाखवले, ते लिहीत आहे.

आज ऊन, उद्या ढग, ही झाली रोजची हवा. तीस वर्षांची सरासरी काढली की ते हवामान. एका दिवसाच्या उकाड्यावरून हवामान बदलले असे म्हणता येत नाही. पण आता सरासरीच बदलू लागली आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. तो पृथ्वीभोवती गोधडीसारखा बसतो. उन्हाची ऊब आत येते, पण बाहेर जाताना अडते. कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आता तो ४२० च्या वर गेला आहे. म्हणून साऱ्या पृथ्वीचे तापमान एक अंशाहून जास्त वाढले. एक अंश म्हणजे काहीच नाही, असे मला वाटले. तेव्हा गुरुजी म्हणाले, "तुझ्या अंगात एक अंश वाढला तर आई तुला शाळेत पाठवील का?"

शहरात याच्यावर आणखी भर पडते. संध्याकाळी सात वाजता आपल्या शाळेच्या सिमेंटच्या कट्ट्यावर हात ठेवून बघा. ऊन गेले तरी तो गरम असतो. मग कडुनिंबाखालच्या मातीवर हात ठेवा. ती गार लागते. कट्टा दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते बाहेर सोडतो. मुंबई म्हणजे असे लाखो कट्टे, शिवाय डांबरी रस्ते. कडुनिंब मात्र थोडे. म्हणून तिथल्या रात्री लवकर गार होत नाहीत.

दुसरी गोष्ट माठाची. उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते, कारण माठ पाझरतो आणि ते पाणी सुकताना गरमी घेऊन जाते. पावसाळ्यात हवा दमट असते, मग माठ नीट गार होत नाही. आपले अंगही माठच आहे. घाम सुकला तर गार वाटते. मुंबईची हवा समुद्रामुळे दमट, तिथे घाम लवकर सुकतच नाही. म्हणून हवामान खाते सपाट प्रदेशात निदान ४० अंश झाल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार करते, पण समुद्रकाठी ३७ अंशांपासूनच करते. दुपारी समुद्रावरून येणारा वारा मुंबईला गार ठेवतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी जमिनीवरून कोरडा वारा येतो आणि समुद्राचा वारा उशिरा सुटतो. त्या दिवशी पारा खूप चढतो.

आता पाऊस. गरम हवेत वाफ जास्त मावते. एक अंश वाढला की सुमारे सात टक्के जास्त. म्हणून पाऊस पडला की कधी कधी एकदम ओततो आणि मधले दिवस कोरडे जातात. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या मुलखावर एकदम कोसळणाऱ्या पावसाचे प्रसंग तिप्पट झाले, असे शास्त्रज्ञांनी २०१७ साली सांगितले.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी फुटपट्टीने भिंतीवर मोजले, ते माझ्या छातीपाशी आले. त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर, म्हणजे चार-पाच बोटे. एकाच शहरात एवढा फरक! मुंबईतली जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्यासाठी बांधली होती आणि ती समुद्रात सुटतात. त्या दुपारी समुद्राला भरती होती. मग पाणी जाणार कुठे? माझे चुलते साकीनाक्याहून कुर्ल्यापर्यंत दोरी धरून चालत आले. आजी सांगते, दोन दिवस त्यांची काहीच खबर नव्हती, ती रोज एसटी थांब्यावर जाऊन बसायची. हा पाऊस हवामान बदलामुळेच पडला असे म्हणता येत नाही. पण पृथ्वी तापत गेली तर असे पाऊस जास्त वेळा येतील.

पाऊस वेळही पाळीनासा झाला आहे. मुंबईला मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो. २०२५ साली तो २६ मेलाच आला. तेवढ्या लवकर तो पूर्वी कधी आल्याची नोंद नाही.

अहमदाबादला मे २०१० मध्ये फार मोठी उष्णतेची लाट आली आणि पुष्कळ माणसे दगावली. मग २०१३ पासून तिथे लाट येण्याआधी लोकांना सावध करण्याची योजना सुरू झाली. गरीब वस्त्यांत छपरांना पांढरा रंगही दिला जातो. पांढरा रंग ऊन परत पाठवतो. हे खरे आहे का, म्हणून आम्ही दोन डबे घेतले. एकाला चुना लावला, एकाला चुलीची काजळी. दोन्हींत सारखे पाणी भरून उन्हात ठेवले. दुपारी काजळीच्या डब्यातले पाणी चांगलेच तापले होते, चुन्याच्या डब्यातले कोमट. डबे खिडकीत ठेवले आहेत. पालकांनी जरूर हात लावून पाहावा. (काजळी हाताला लागते.)

मी हे वडिलांना फोनवर सांगितले. ते म्हणाले, खोली भाड्याची आहे, मालकाला विचारतो. मालक हो म्हणाला आहे. पण आता पावसाळा, चुना धुऊन जाईल. म्हणून दिवाळीनंतर मारणार आहेत.