तटस्थता म्हणजे नेमके काय?

'तट' म्हणजे काठ आणि 'स्थ' म्हणजे उभा असलेला. पाण्यात न उतरता जो काठावर उभा राहतो तो तटस्थ, असा या शब्दाचा साधा अर्थ. पण व्यवहारात हा शब्द फार सैल झाला आहे. भिऊन गप्प बसणाराही स्वतःला तटस्थ म्हणवितो आणि निवाडा करणाऱ्या पंचालाही आपण तटस्थच म्हणतो. हे दोघे एक कसे असतील? आमच्या मते ज्याच्या हाती दार, तिजोरी किंवा तराजू आहे, त्याचे तटस्थता हे कर्तव्य आहे. बघ्याची ती सबब नव्हे.

प्रथम धर्माचे पाहू. संविधानाच्या कलम २५ ने प्रत्येकाला धर्म पाळण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती कोणावरही करता येणार नाही, असे कलम २७ सांगते. आणि पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास कलम २८ मनाई करते. 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द उद्देशिकेत १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आला. तत्त्व मात्र आधीपासूनच होते. परंतु हेच संविधान काठावर उभे राहिले नाही. त्याच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. राज्य कोणत्याही एका धर्माचे नाही, पण धर्माच्या नावाने होणाऱ्या अन्यायापुढे ते हाताची घडी घालून बसणारेही नाही.

नुसत्या कागदी तटस्थतेने काय होते, हे महाडने दाखविले आहे. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव झाला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांसाठी खुले केल्याचे जाहीर केले. दप्तरात तळे खुले झाले, प्रत्यक्षात अस्पृश्यांना त्याचे ओंजळभर पाणीही घेता येईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह तेथील पाणी घेतले तेव्हा ती कोंडी फुटली. त्यानंतरही वाद न्यायालयात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. या सर्व काळात गावात 'आम्ही कोणाच्याच बाजूचे नाही' म्हणणारे लोकही असतीलच. त्यांचा उपयोग कोणाला झाला असेल, हे वाचकांना सांगावयास नको.

येथे एका शब्दाकडे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावेसे वाटते. मैत्री, करुणा आणि मुदिता यांच्यानंतर बौद्ध विचारात 'उपेक्खा' येते. तिचे मराठी रूप 'उपेक्षा', आणि मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड! शब्द एकच, अर्थ मात्र जवळजवळ उलट. उपेक्खा म्हणजे राग-लोभाने न ढळणारी समतोल दृष्टी. आचार्य बुद्धघोषांनी 'विशुद्धिमग्ग' या ग्रंथात अज्ञानातून येणारी बेफिकिरी ही उपेक्खेची जवळची वैरीण म्हटली आहे. जवळची अशासाठी, की ती दिसायला तिच्यासारखीच असते.

आता माणसामाणसांतील भांडण. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेल्या तंट्याची हकिकत दिली आहे. सिद्धार्थ स्वतः शाक्य होता. तरीही त्याने युद्धाला विरोध केला आणि एक सूचना मांडली: दोघे आपले, दोघे त्यांचे आणि या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी तंटा मिटवावा. संघाने ती फेटाळली. युद्धात सामील होण्यास नकार देऊन सिद्धार्थाने परिव्रज्या पत्करली. त्याने 'मी कोणाच्या मध्ये पडत नाही' असे म्हटले नाही. तो मध्ये पडला आणि त्याची किंमतही त्याने मोजली.

जयंतीच्या वर्गणीच्या हिशेबावरून वस्तीत दोन गट पडतात, हा अनुभव कोणाला नवा नाही. तेथे वह्या तपासणारा माणूस तटस्थच हवा. मात्र शेजारी नवरा बायकोला मारीत असताना दार लावून घेणाऱ्यास आम्ही तटस्थ म्हणणार नाही. एकीकडे बळ आणि दुसरीकडे लाचारी असेल, तेथे गप्प बसणे म्हणजे बळाच्या पारड्यात आपले वजन टाकणेच होय.

तिसरी गोष्ट इंटरनेटची. 'नेट न्यूट्रॅलिटी' हा शब्द टिम वू या अमेरिकन प्राध्यापकांनी २००३ च्या सुमारास रूढ केला. तो समजण्यास बँकेची खिडकी पुरे. रांगेत टोकन असते. ओळखीच्या माणसाने बाजूने पासबुक सरकविले आणि आम्ही ते आधी घेतले, तर मागच्या म्हातारीचा वेळ आम्ही चोरला. टेलिफोन कंपनी ही अशीच खिडकीवर बसलेली असते. कोणते संकेतस्थळ लवकर उघडावे, कोणते अडखळावे, कोणते फुकट असावे, हे तिने ठरवू नये, एवढाच या तत्त्वाचा अर्थ.

आपल्याकडे २०१५ साली हा प्रश्न पेटला. फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स' योजनेत काही निवडक संकेतस्थळे फुकट मिळणार होती. गरिबाला काहीच नसण्यापेक्षा थोडे तरी मिळेल, हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा होता. पण त्या थोड्यात काय असावे, हे दारवान ठरविणार! लक्षावधी नागरिकांनी दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे म्हणजे ट्रायकडे पत्रे पाठविली. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास बंदी केली. नियम मोडल्यास दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड ठेवला. आणीबाणीच्या सेवांपुरती तेवढी सूट दिली. २०१८ साली केंद्र सरकारनेही हे तत्त्व स्वीकारले. अमेरिकेत मात्र २०१५ चे नियम २०१७ मध्ये रद्द झाले, २०२४ मध्ये पुन्हा आणले गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तेही मोडीत काढले.

आपल्या देशात रस्ता सर्वांना सारखा ठेवण्याचा नियम तरी आहे. पण ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तो सकाळी बापाबरोबर कामावर जातो, त्या घरातील मुलगी महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज रात्री सर्वांची जेवणे झाल्यावर भरायला घेते, आणि बॅटरी संपण्यापूर्वी उत्पन्नाचा दाखला अपलोड होतो की नाही, इकडे तिचे लक्ष असते.