जुन्या चौकोनी मोटारींचा नवा लौकिक

मनुष्याच्या आवडीनिवडीचा एक चमत्कारिक नियम असा दिसतो की, काल जी वस्तू घरोघर होती ती आज नजरेआड होऊ लागली म्हणजे तिचे मोल वाढते. पितळेच्या भांड्यांच्या व लंबकाच्या घड्याळांच्या बाबतीत असे घडले. आता ते मोटारीच्या बाबतीत घडत आहे. संस्थानिकांच्या लांबलचक मोटारी जपून ठेवण्याचा शोक जुनाच आहे. परंतु अलीकडे हौशी लोकांची दृष्टी ज्या गाड्यांकडे वळली आहे, त्या कोणत्याही अर्थाने राजेशाही नव्हेत. सरळ टपाची, काटकोनी पाठीची, डबा म्हणून जिची एके काळी थट्टा झाली, ती मध्यम स्थितीतील कुटुंबाची गाडी आज शोधून काढावी, तिचा पत्रा ठोकून नीट करावा, तिला मूळचा रंग द्यावा, यात अनेकांना धन्यता वाटू लागली आहे. प्रीमियर पद्मिनी, प्रीमियर ११८ एन.ई., कॉन्टेसा ही त्यांपैकी काही ठळक नावे होत. ही केवळ गतकाळाची हुरहूर आहे, की तीत आणखी काही आहे, हे पाहण्याजोगे आहे.

यांपैकी पहिल्या दोन गाड्यांची कथा महाराष्ट्राच्या उद्योगेतिहासात गुंफलेली आहे. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईस कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. आरंभी तेथे अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होत असे. पुढे इटलीतील फियाट कंपनीशी सहकार्य होऊन १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी बाहेर पडू लागली. तिच्या पुढे आलेल्या नाकावरून लोकांनी तिचे नामकरण 'डुक्कर फियाट' असे केले, व ते नाव आजतागायत टिकून आहे. १९६४ साली अधिक सरळ रेषांची ११०० डिलाइट आली; तीच गाडी १९७४ पासून चितोडच्या राणीचे नाव धारण करून पद्मिनी म्हणून प्रसिद्धीस आली. १९८५ साली ११८ एन.ई. निघाली. तिचा सांगाडा फियाट १२४ या गाडीचा व इंजिन जपानच्या निस्सान कंपनीच्या आराखड्याचे होते. ही फियाट १२४ म्हणजे चौकोनी मोटारीचा जणू आदर्शच. १९६७ साली युरोपातील वर्षातील सर्वोत्तम मोटारीचा मान तिला मिळाला, आणि १९७० पासून तिच्याच आराखड्यावर रशियातील तोल्याती येथे लाखो गाड्या तयार झाल्या.

या गाड्या चौकोनी का झाल्या, यास कारण आहे. गाडीचे टप सरळ व काचा उभ्या ठेवल्या, तर लहान गाडीतही मागच्या बाकावर बसणाऱ्याच्या डोक्याला जागा मिळते, आणि चालकास चारही कोपरे दिसतात. डिकी चौकोनी असली म्हणजे ट्रंक, वळकटी आणि धान्याचे पोते नीट बसते. हवेचा विरोध मात्र अशा आकृतीस अधिक होतो. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी ५० किलोमीटरच्या रस्त्यावर त्याची फारशी क्षिती नसे. पुढे १९७३ साली जगात तेलाची टंचाई झाली, रस्ते सुधारले, वेग वाढला. मग वाऱ्यास वाट देणारी गोलाकार घडण सर्वत्र आली. सारांश, चौकोनी गाडी ही सावकाश चालणाऱ्या व माणसांनी भरलेल्या जगासाठी घडविलेली होती.

असे जग पाहावयाचे तर खानदेशातील सावदा गाव उदाहरणादाखल घ्यावे. रावेर तालुक्यातील हे गाव केळीचे. भुसावळ-खंडवा लोहमार्गावरील सावदा स्थानकातून केळीने भरलेले डबे उत्तर हिंदुस्थानाकडे जात आले आहेत. अशा गावी मोटार ही केवळ मिरविण्याची वस्तू राहणे शक्य नव्हते. बागेवर जावे, फैजपूरचा बाजार करावा, भुसावळच्या गाडीवर पाहुणे आणावयास जावे, रात्री-अपरात्री दुखणाईतास जळगावास न्यावे, अशी तिची कामे असत. परवान्यांच्या त्या काळात नाव नोंदवून गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे एकदा आलेली गाडी एका मनुष्याची न राहता साऱ्या कुटुंबाची, किंबहुना आळीची होई. पद्मिनीच्या बहुतेक गाड्यांत गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाखालीच असल्यामुळे पुढचा बाक सलग राही, आणि त्यावर चालकाशेजारी आणखी दोघे दाटीवाटीने बसू शकत.

खानदेशातील वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा वेळी या गाडीचा स्वभाव विशेष कळून येई. तिचा पेट्रोलचा पंप इंजिनालाच जडविलेला असे. इंजिन तापले की पंपातील पेट्रोलची वाफ होई. पंप द्रव ओढू शकतो, वाफ नीट ओढू शकत नाही. साहजिकच गाडी भर रस्त्यात थांबे. चालक बॉनेट उघडून पंपावर ओले फडके टाकी, अंमळ निंबाच्या सावलीत बसे, आणि गाडी पुन्हा सुरू होई. या साध्या उपायातच त्या गाडीच्या आकर्षणाचे मर्म आहे. १०८९ घनसेंटिमीटरचे व सुमारे ४० अश्वशक्तीचे ते इंजिन काही दांडगे नव्हते; पण त्यातील प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे व हाताला लागे. प्लग काढून पुसावा, पॉइंटातील फट पात्याने मोजावी, कार्बोरेटर उघडून फुंकर मारावी, इतके ज्ञान असणाऱ्या मनुष्यास ती गाडी अडवून ठेवीत नसे. आजच्या मोटारीचे दुखणे संगणक लावल्यावाचून कळत नाही. ज्या यंत्राची रीत समजते त्याच्याशी मनुष्याचे नाते जडते. ही नवी आवड मुख्यतः त्या नात्याची आहे.

परंतु या आवडीपुढे एक अडचण उभी आहे, व ती कायद्याच्या दोन आकड्यांत सामावलेली आहे. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी गाडी तपासून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि २०२५ साली २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. दुसऱ्या टोकास, २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीस 'व्हिंटेज' म्हणून मान्यता मिळते, व्ही.ए. अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. मात्र ती नित्य वापरास काढता येत नाही. म्हणजे पंधरा आणि पन्नास यांच्या दरम्यान ३५ वर्षांचे एक ओसाड अंतर आहे. १९८५ ची ११८ एन.ई. त्या अंतरात सापडलेली आहे. तिला वारशाचा मान २०३५ पूर्वी मिळावयाचा नाही. जर्मनीत ३० वर्षांची सुस्थितीतील गाडी ऐतिहासिक ठरून तिला क्रमांकाबरोबर एच हे अक्षर मिळते. आपल्याकडे मधली सारी वर्षे ती गाडी जगवावयाची ती घरच्या माणसांनी आणि मेस्त्रीने.

त्यातही मेस्त्रीचा वाटा मोठा. भंगारातून सुटे भाग हुडकता येतात, हौशी लोक एकमेकांस ते पुरवितातही. परंतु झिजलेला भाग कानाने ओळखणे आणि पत्रा हातोडीने मूळच्या रेषेवर आणणे, ही विद्या पुस्तकात नाही. मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने पद्मिनी दीर्घकाळ टिकली, तोपर्यंत तिच्यावर हात चालविणारे कारागीरही टिकले. २० वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती टॅक्सी म्हणून निवृत्त झाली, तेव्हा त्या कारागिरांचा नित्याचा रोजगारही आटला. आणखी एक नवे संकट इंधनाचे आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. जुन्या गाडीतील रबरी नळ्या व पंपातील पडदा त्याने फुगतात, चिरतात. ते भाग वेळीच बदलणारा जाणता हात हवा.

या गाड्यांचे दोष झाकण्याचे कारण नाही. त्यांत टकरीपासून वाचविणारी हवेची पिशवी नाही, चाकांचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, व धूर आजच्या गाडीहून अधिक. म्हणून त्यांनी पुन्हा रस्ते भरून जावेत असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न थोड्या निवडक गाड्यांचा आहे. खानदेशच्या कोरड्या हवेत लोखंडास कोकणातल्यापेक्षा गंज उशिरा चढतो. त्यामुळे एखाद्या वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी वरून धुळीने माखलेली असली तरी आतून शाबूत असण्याचा संभव असतो. अशी गाडी ज्यांच्या दारी असेल त्यांनी भंगारवाल्यास बोलावण्यापूर्वी तिचे आर.सी. बुक शोधून काढावे, मूळचे दिवे व नावाच्या पट्ट्या काढून टाकू नयेत, आणि गावातील जुन्या मेस्त्रीस एकदा बॉनेट उघडून दाखवावे. त्या वेळी घरातील एखादा तरुण मुलगा वा मुलगी शेजारी उभी राहून पाहत असेल, तर फारच उत्तम. कारण गाडी विकत घेणारे पुढेही मिळतील, पण ती चालती ठेवणारे हात आताच तयार व्हावयास हवेत.