घुंगरू, चुडा आणि एक जुना अंक

गोसीखुर्द धरणाची पायाभरणी 1988 साली झाली आणि त्यानंतर वैनगंगेकाठची कितीतरी गावं उठली. भूसंपादनाच्या कागदांत जमीन, घर, विहीर, झाडं यांची नोंद होते, कारण त्यांचं मोल ठरवता येतं. पेटीच्या तळाशी जपलेल्या पत्राला तिथे जागा नसते. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या वाट्याला तर सगळाच सरकारी कागद असा आला. 2011च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ हा रकाना पहिल्यांदा आला आणि महाराष्ट्रात 40,891 माणसं त्यात मोजली गेली. समलिंगींसाठी तेवढीही सोय नव्हती. 2009 ते 2013 हा काळ वगळता 6 सप्टेंबर 2018पर्यंत कलम 377मुळे त्यांचं प्रेम गुन्हाच होतं. ज्यांची नोंद कुणी ठेवली नाही त्यांचा इतिहास त्यांच्या वापरातल्या वस्तूंत शोधावा लागतो. आणि वस्तू ज्याची आहे, त्याने स्वतः बोलल्याशिवाय त्या इतिहासावर भरवसा ठेवता येत नाही.

आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचंच बघा. दिवाळी सरली की गावोगावी मंडईची जत्रा भरते आणि दंडार, खडी गंमत रंगू लागते. या खेळांत बाईचं सोंग पुरुषांनीच घ्यायचं, लुगडं नेसून घुंगरू बांधायचे, ही जुनी रीत. असे घुंगरू कुणी काचेच्या कपाटात ठेवून खाली ‘क्विअर वारसा’ अशी चिठ्ठी लावली, तर तो अन्याय होईल. एकासाठी ते घुंगरू कला असतील, दुसऱ्यासाठी चार पैशांची सोय. तिसऱ्याला मात्र त्याच रात्री आपण आपल्यासारखे आहोत असं वाटलं असेल. घुंगरांकडे पाहून यातलं काहीच कळत नाही. दक्षिण महाराष्ट्रातल्या जोगत्याचा हिरवा चुडाही तसाच. यल्लम्मा देवीला वाहिलेला पुरुष लुगडं नेसतो, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे तिच्या मूर्तीची टोपली घेतो; मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला चुडा फुटतो आणि माघातल्या अहेव पुनवेला पुन्हा भरला जातो. त्या काचेत भक्ती किती, घरच्यांनी लादलेलं किती आणि मनापासून हवं असलेलं बाईपण किती, याचा हिशेब बाहेरचा अभ्यासक मांडू शकत नाही. म्हणून मला वस्तू गोळा करण्यापेक्षा त्या मालकाने स्वतः चारचौघांपुढे मांडणं अधिक मोलाचं वाटतं.

समलिंगी असणं हे परदेशी खूळ आहे, असं म्हणणारे आहेत. पण विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे समलिंगी नायिकेचं नाटक 1981मध्ये मराठी रंगमंचावर आलं आणि अशोक राव कवी यांनी 1990 साली मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगींचं नियतकालिक सुरू केलं. त्याचा एखादा पिवळा पडलेला अंक कुणी अजून जपला असेल, तर गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याच्या काळातही ही माणसं एकमेकांना शोधत होती, याचा तो पुरावा आहे. नागपुरात 2016 साली समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांची अभिमान यात्रा निघाली. त्या दिवशी हातात धरलेला पुठ्ठ्याचा फलकही माझ्या लेखी तितकाच मोलाचा.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा: नोकरी नाही, भाड्याने खोली मिळत नाही, तिथे जुन्या वस्तू घेऊन काय करायचं? पण वस्तू मागणीला चेहरा देतात. अमेरिकेत एड्सने माणसं मरत होती तेव्हा आप्तांनी आणि मित्रांनी प्रत्येकाच्या नावाने तीन फूट बाय सहा फुटांचं कापड शिवलं. 11 ऑक्टोबर 1987 रोजी अशी 1,920 कापडं वॉशिंग्टनमध्ये संसदेसमोरच्या मैदानावर अंथरली गेली. औषधोपचाराची मागणी त्याआधीही होत होतीच; त्या दिवशी तिच्यामागची नावं सगळ्यांसमोर आली.

सगळ्यात खरा आक्षेप ओळख उघड होण्याच्या धोक्याचा आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. तेंडुलकरांच्या नाटकातही मित्रा या नायिकेने लिहिलेलं पत्र नको त्या हाती पडतं आणि तिच्यावर उलटतं. खेड्यात तर एका लुगड्याच्या काठावरूनही घर ओळखलं जातं. तेव्हा भंडारा जिल्ह्यात मालकांनी स्वतः आपल्या वस्तू मांडण्याचा असा उपक्रम उभा करायचा, तर नाव न देण्याची मुभा हवी. मूळ वस्तू मालकाकडेच राहावी, फोटो आणि त्याच्या बोलीतलं कथन पुरे. झाडीबोलीत सांगितलेलं प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नये. दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क कागदावर लिहून द्यावा. उद्या लग्न, नोकरी किंवा भाऊबंदकीच्या भीतीने कुणी आपला फोटो परत मागितला, तर कारण न विचारता तो त्याच दिवशी काढून टाकावा.